भिंगरीसाठी सतरा काड्या

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की मला रडू येतं आणि तुला सल्ले सुचतात, म्हणून लिहिते आहे.

आमच्या भिंगरीच्या हाडांतल्या मगजाने रक्त बनवणं सोडून दिलंय. दर चार दिवसांनी पिशवी चढवावी लागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निरोगी माणसाच्या मगजातल्या पेशी तिला द्याव्या लागतील आणि त्या जुळल्या पाहिजेत. आम्ही दोघं तिच्याशी अर्धे अर्धे जुळतो. यावर हे म्हणाले, तेरा वर्षांच्या संसारात आपण कशात तरी सारखे निघालो! पाठचं भावंड नाही. नात्यात पूर्ण जुळणारं कुणी मिळेलच असं नाही, पण विचारून बघा, म्हणाल्या. शिवाय दात्यांच्या नोंदवहीतही शोध चालू राहील.

नमुना देणं अगदी सोपं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस्स. सुई नाही, काही नाही. वय मात्र पन्नाशीच्या आत हवं. तुझा सगळ्या गोतावळ्यात राबता आहे. एकेकाला गाठून विचारशील का? गाजावाजा नको.

भिंगरी नऊ वर्षांत पहिल्यांदाच एका जागी बसली आहे. ते मला बघवत नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. काळजी सोड, आता हे प्रकरण मी हातात घेतलं आहे. परिवार मंडळाचा चिटणीस या नात्याने तातडीची सभा बोलावली. अकरा जणांची समिती नेमली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला पाच जणांची उपसमिती.

सभा हृदयस्पर्शी झाली. भिंगरीसाठी प्राण द्यायला सगळे एका पायावर तयार आहेत. थुंकी द्यायला मात्र काहींनी मुदत मागितली आहे. थोरल्या काकू म्हणाल्या की यात पाठीचा कणा काढून घेतात. त्यांच्या ऐकण्यातल्या एका बाईचा काढला होता. वकील भाऊजींना काडीबाबत लेखी हमी हवी आहे. आत्याबाईंचं म्हणणं, असल्या तपासण्यांतून कुणाचं रक्त कुणाचं ते उगाच बाहेर येतं. त्यांना नेमकी कसली भीती, हे कुणी विचारलं नाही. सगळे पंख्याकडे बघत होते.

तरी घाबरू नकोस. येत्या रविवारी मोठ्या सभागृहात भव्य नमुनासंकलन मेळावा आहे. जेवण मंडळाकडून. फलक माझ्याच छापखान्यात छापतो आहे, आठ फुटी. गाजावाजा केल्याशिवाय माणसं हलत नाहीत, हे तुला कळायचं नाही.

मी खंबीर आहे, तूही राहा.

तुझा,
दादा


२९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी दवाखाना सोडू शकत नव्हते, पण हे डेपोतून रजा घेऊन मेळाव्याला आले होते. यांनी जे सांगितलं ते लिहिते.

सभागृहाच्या दारावर तुझा आठ फुटी फलक होता. मध्ये भिंगरीचा फोटो, फुलांच्या चौकटीत. आणि खाली, छापखान्यात तयार साचा होता म्हणून असेल, ‘सदैव आमच्या स्मरणात’. दोन म्हाताऱ्या येऊन यांच्या गळ्यात पडून रडल्या. पोरगी जिवंत आहे म्हटल्यावर त्या जरा नाराजच झाल्या. यांनी शिडी मागवली आणि स्वतः चढून फलक उतरवला. बस चालवणारा माणूस आहे, दादा. गर्दीत शांत राहणं हेच त्याचं काम. तो त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही.

भाषणं सात. जेवायला चारशे. काड्या सतरा. त्यातल्या अकरा वाढप्यांनी, कर्ण्यावाल्याने आणि रखवालदाराने दिल्या. गोतावळ्यातल्या सहाच.

त्या सहांत तू नाहीस. अर्जावर म्हणे तू वय बावन्न लिहिलंस. मी एकोणचाळीस वर्षांची आहे आणि तू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. बेरीज मला तूच शिकवलीस.

रागाने लिहिलं. पण खोडत नाही.

धाकटी


१२ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

फलकाची चूक छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्याची. वयाची चूकही त्याचीच म्हणणार होतो, पण अर्ज मी हाताने भरला होता.

काल जाऊन काडी दिली. दहा-पंधरा सेकंदांत उरकलं. मी दोन शब्द बोलायची तयारी करून गेलो होतो, पण काडी फिरवणाऱ्या मुलीने पुढच्याला हाक मारली. एक फोटो तेवढा काढून घेतला.

भिंगरीला पापा. माझ्यावर राग धरू नकोस, निदान फार दिवस.

दादा


९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सतरांतलं कुणी जुळलं नाही, तूही नाहीस. पण नोंदवहीत एक माणूस पूर्ण जुळला. नाव सांगत नाहीत. सत्तावीस वर्षांचा, एवढंच कळलं. त्याने होकार दिला. यांनी डेपोत सगळ्यांना चहा पाजला. जंतू लागू नयेत म्हणून तिला काचेच्या खोलीत ठेवणार होते; मी शिवणयंत्र उघडून तिथे घालायला चार मऊ झगे शिवले, शिवणी बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंगाला टोचायला नकोत.

काल कळलं, तो मागे फिरला. घरच्यांनी नको म्हटलं.

मी तोंड भरून शिव्या देणार होते. मग डोळ्यांसमोर त्याचं घर आलं. तिथेही एक थोरल्या काकू असतील, एक वकील भाऊजी असतील. शिव्या कुणाकुणाला देऊ?

डॉक्टरीणबाई आता म्हणतात, वडलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवरच करून बघू. धोका जास्त आहे. सध्या ताप आहे. तो उतरला की ठरवतील. भिंगरीने विचारलं, ते काका का नाही येणार? मी म्हटलं, त्यांना बरं नाही. तर म्हणाली, मग त्यांना आधी बरं होऊ दे.

आठवण ठेव.

धाकटी


३० सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

कसं लिहावं कळत नाही. तीन कागद फाडले.

काडी दिली तेव्हा माझं नाव नोंदवहीतही चढलं होतं, त्या नोंदवहीवाल्यांचा फोन आला. माझा नमुना जुळला. भिंगरीशी नव्हे, कुठल्याशा सात वर्षांच्या मुलाशी. पूर्ण जुळला म्हणे, आणि त्याला दुसरं कुणी नाही.

घरात रणकंदन चाललं आहे. तुझी वहिनी म्हणते, आपल्या पोरीच्या वेळी लोकांनी पाठ फिरवली, मग परक्यासाठी तुम्ही का मरायला जाता? मंडळात कानोसा घेतला, तर परिवाराबाहेर देण्याची घटनेत तरतूद नाही असं निघालं. आणि खरं सांगू? मला भीती वाटते. सभेत काकूंना हसलो, पण रात्रंदिवस तो पाठीचा कणाच डोळ्यांसमोर येतो.

तू आई आहेस, तुला जास्त कळतं. तू जर म्हणालीस की आपल्यालाच मिळालं नाही तर राहू दे, तर मला कुणी दोष देणार नाही.

उत्तर लगेच पाठव.

दादा


३ ऑक्टोबर

दादा,

माझ्याकडून सुटका मागू नकोस. मिळणार नाही.

पेशी देण्याआधी त्या मुलाचा स्वतःचा मगज औषधांनी पार मारून टाकतील. त्यानंतर तू मागे फिरलास तर ते मूल वाचणार नाही. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर आजच म्हण. आणि हो म्हणालास तर घरात आग लागली तरी जा.

वहिनींना माझं पत्र वाचून दाखव. त्यांना सांग, तिकडेही एक बाई झगे शिवत बसली असेल.

धाकटी


२८ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

जाऊन आलो.

कण्याला कुणी हात लावला नाही. पाच दिवस इंजेक्शनं घेतली, त्याने हाडं तापातल्यासारखी ठणकली. मग चार तास यंत्राला जोडून ठेवलं. एका हातातून रक्त जातं, पेशी गाळून दुसऱ्या हातातून परत येतं. दोन्ही हात अडकलेले आणि नाकाला खाज. शेवटी तुझ्या वहिनीने खाजवलं. ती सकाळी ‘मी येणार नाही’ म्हणाली आणि माझ्या आधी रिक्षात जाऊन बसली. चार तास त्या यंत्राला तंबी देत होती, म्हणे हळू ओढ.

मंडळात बोललो नाही. बोललो असतो तर सत्कार झाला असता, आणि मग भाषणात मी हे किती सोपं आहे ते सांगितलं असतं. सोपं नव्हतं. आदल्या दिवशी मी चपला घालून दोनदा दारापर्यंत गेलो आणि दोनदा आत आलो.

पिशवी एवढीशी भरली. एका माणसाने ती गार डब्यात ठेवली आणि निघाला. कुठे नेतोस, विचारलं. सांगता येत नाही, म्हणाला. मी म्हटलं, बरं, पण सांभाळून ने. एवढंच बोललो आणि मला रडू आलं, धाकटे. का ते ठाऊक नाही.

भिंगरीचं काय ठरलं? मी येऊ का? येतो म्हणजे बसायला; व्यवस्था बघायला नव्हे.

दादा


२२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू तीन आठवडे काचेबाहेरच्या बाकावर बसून गेलास, पण खरी गंमत तुझ्या मागे झाली.

यांच्या पेशी भिंगरीच्या अंगात धरल्या. चाळिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. पांढऱ्या पेशी स्वतःच्या स्वतः वाढताहेत, पंधरा दिवस बाहेरचं रक्त लागलं नाही. पुढचं वर्षभर जपायचं आहे, धोका टळला असं अजून कुणी म्हणत नाही. तुझ्या त्या मुलाचं वर्षभर तरी काही कळू देणार नाहीत, हेही मी विचारून घेतलं. रोज तेच विचारत राहू नकोस, चौकशीवाल्या बाई कंटाळल्या आहेत.

आज तिला पहिल्यांदा खोलीबाहेर सोडलं. तोंडाला मुसकं, डोकं तुळतुळीत, पाय काड्यांसारखे. हे हात धरून होते, मी मागे पिशव्या घेऊन. लिफ्टपाशी मी एक पिशवी टेकवली तेवढ्यात ती यांना ओढत आत शिरली आणि यांनी काही म्हणायच्या आत नऊच्या नऊ मजल्यांची बटणं दाबून मोकळी झाली. दार बंद. मी बाहेरच राहिले. वरच्या मजल्यांवर मोठे डॉक्टर, तपासणीचे गाडे, सगळे खोळंबले. रखवालदार जिन्याने धावत आला आणि मला म्हणाला की पोरीला काही वळण आहे की नाही!

मी त्याला म्हटलं, नाही. आणि दारावरचा आकडा बघत उभी राहिले. एक, दोन, तीन. प्रत्येक मजल्यावर ती थांबत होती.

वहिनींना नमस्कार. येताना हातात काही आणू नकोस, तू ये.

तुझी,
धाकटी