कानाशी ठेवलेला स्पीकर

२ नोव्हेंबर, शनिवार

पोचले एकदाची. ओसाकाहून निघताना धाकधूक होती की यामागाताच्या डोंगरात आपला निभाव लागेल का. पण देवळाच्या थांब्यावर बसमधून उतरले आणि समोरच्या घराच्या वाशाला सोललेली पर्सिमन फळं दोरीत ओवून टांगलेली दिसली. ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. हेच ते घर. निळं छप्पर, मागे मुळ्याचं शेत, त्यापलीकडे डोंगर. मला हसूच आलं.

काम सोपं आहे. किकुनो आजींच्या सोबतीला राहायचं. आजी अठ्ठ्याऐंशीच्या. पाय ठणठणीत, डोकं तल्लख, कान तेवढे गेले आहेत. लेक रेइकोताई सेंदाईला शाळेत मुख्याध्यापिका आहे, महिन्यातून एकदा येते. तिने स्वयंपाकघर, औषधांचा डबा आणि रॉकेलची शेगडी दाखवली आणि तिसरीच्या मुलांना सांगावं तसं सगळं दोनदा सांगून गेली.

आजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, उंच आहेस, बरं झालं, उरलेली फळं काढायला शिडी नको. मग नाव विचारलं. मी तोमोए म्हटलं, त्यांना ‘मोमो’ ऐकू आलं. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं तेव्हा म्हणाल्या, अगं एवढं काय खेकसतेस, मी बहिरी आहे का? आणि स्वतःच खदखदून हसल्या.

आईवडील आहेत का, असंही विचारलं. वडील लहानपणीच गेले, आई गेल्या वर्षी, असं सांगितलं आणि मी बॅग उघडायला वळले.

५ नोव्हेंबर

आजींच्या टीव्हीने भिंती हलतात. शेतापलीकडचे गृहस्थ मुळ्यांची जुडी घेऊन आले आणि म्हणाले की, हल्ली ते बातम्या आंघोळ करता करता आमच्याच टीव्हीवर ऐकतात, वीजबिल वाचतं. टोमणा गोड होता, पण टोमणाच. मी कुरामोचि काकांना बोलावलं.

काकांचं गावात विजेच्या सामानाचं दुकान आहे. सत्तरीचे, कानावर पेन्सिल खोचलेली. टीव्हीच्या मागे वाकून म्हणाले, हे नवे टीव्ही म्हणजे पापड. एवढ्याशा जागेत स्पीकर कुठे बसवणार? तोंड भिंतीकडे करून ठेवलाय. आवाज आधी भिंतीला जातो, मग आजींकडे. आणि म्हाताऱ्या कानांचं असं की जाड आवाज ऐकू येतो, बारीक येत नाही. ‘स’, ‘श’, ‘त’ गळून पडतात, शब्दांच्या कडा झिजतात. नुसता आवाज वाढवला तर गडगडाट वाढतो, शब्द तसाच बोथट.

त्यावर उपाय म्हणून त्यांनी एक जादा स्पीकर आणला. जेवणाच्या डब्याएवढा, पांढरा. टीव्हीच्या मागे छोटी पेटी जोडली, तारेची कटकट नाही. डबा बैठ्या टेबलावर आजींच्या उजव्या कानाशी ठेवला, टीव्हीचा आवाज पार खाली आणला आणि बटण फिरवलं. निवेदिका हवामान सांगत होती. आजींनी श्वास रोखला. मग हळूच म्हणाल्या, ‘सकाळी दाट धुकं.’ अख्खं वाक्य, एकही अक्षर न गाळता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काका म्हणाले, रडू नका हो, पाणी गेलं तर हमी रद्द होते.

माझं म्हातारपणही असं कुणीतरी सावरावं.

१० नोव्हेंबर, रविवार

आजपासून सुमोची स्पर्धा, पंधरा दिवस. दुपारी तीनपासून आम्ही दोघी शेगडीशेजारी बसतो. आजी स्पीकरला कान लावून पैलवानांना शिव्या घालतात. एकाला तर ‘अरे वासरा, तिथे काय चरायला गेलास’ म्हणाल्या.

सहाला टीव्ही बंद केला. मी ताटं मांडत होते. आजी तशाच स्पीकरकडे कलून बसल्या होत्या आणि मान डोलवत होत्या. सवय झाली असेल.

१३ नोव्हेंबर

आज पुन्हा. टीव्ही बंद आणि आजी अगदी शेजारणीशी बोलावं तसं म्हणत होत्या, ‘हो हो, कामाला चांगली आहे. जरा अबोल आहे एवढंच.’

कोण आहे म्हणून विचारलं. म्हणाल्या, एक बाई आहे, फार गोड बोलते, तुमच्या ओसाकाकडचीच. विचारत होती की पोरगी वेळेवर जेवते का.

मी स्पीकर कानाला लावला. काहीच नाही, हलकी खरखरसुद्धा नाही.

रेइकोताईला फोन केला. ती म्हणाली, वय झालं, असं होणारच, नोंद करून ठेव.

१५ नोव्हेंबर

कुरामोचि काकांना वाटलं, शेजारच्या कुणाचा फोन नाहीतर रेडिओ त्यात शिरत असेल. त्यांनी डबा बदलून दुसरा दिला, टीव्हीमागची पेटीही बदलली. जाताना म्हणाले, आजींना मैत्रीण मिळाली तर तुझं काय बिघडतंय? तेवढीच तुला झोप!

नवा डबा ठेवून दहा मिनिटं झाली नसतील, आजी त्याला म्हणाल्या, ‘कुठे गेल्या होतात मध्येच?’

१७ नोव्हेंबर, रविवार

सुमो संपल्यावर आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, अगं, ती तुझी आईच आहे, आधी का नाही सांगितलंस? मी हसण्यावारी नेणार होते. मग त्या म्हणाल्या, ‘अकरा वेळा फोन लावला म्हणे. शेवटी शेवटी बोटं चालत नव्हती बिचारीची.’

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. कुणालाही.

इथे लिहिते. गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारीला मी वृद्धाश्रमात दोन पाळ्या करून घरी आले होते. आई साकाइला एकटी राहायची, माझ्यापासून दोनच स्टेशनं. रोज संध्याकाळी तिचा फोन असायचा. दिवसभर परक्यांच्या आयांचं अंग पुसून आल्यावर मला एकही शब्द ऐकायची ताकद नव्हती. मी फोन गादीवर पालथा टाकला आणि तो थरथरताना बघत बसले. मोजत होते. अकरा. मग थांबला आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. नंतरचे तीन दिवस मीही केला नाही. चौथ्या दिवशी घरमालकाने दार उघडलं. ती स्वयंपाकघरात पडलेली, अनवाणी, हातात फोन.

मावशीला सांगितलं की माझ्या फोनची बॅटरी संपली होती. सगळ्यांना तेच सांगितलं.

आजींना हे कसं कळलं?

१९ नोव्हेंबर

गेले दोन दिवस मला घंटी ऐकू येते. लांबून, गादीत दाबल्यासारखी. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काचेच्या खोलीत बसवून कानांवर ते जाड यंत्र चढवलं. आवाज आला की बटण दाबा, असं नर्सने सांगितलं. मी दाबत गेले. थांबल्यावर नर्सने दार उघडलं आणि जरा चिडूनच म्हणाली की, अहो, अजून सुरूच केलं नव्हतं, तुम्ही अकरा वेळा दाबलंत.

मग खरी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. विचारलं, तुमचं वय चौतीसच ना? बारीक आवाज मला जवळजवळ ऐकू येत नाहीत. ‘स’, ‘श’, ‘त’.

२० नोव्हेंबर

न्हाणीघर धुऊन आले तर आजी स्पीकरला पत्ता सांगत होत्या. अगदी सविस्तर. ‘तोक्योला गाडी बदला. यामागाताला उतरलात की लाल पट्ट्याची बस. देवळाच्या थांब्यावर उतरायचं, समोरच फळं टांगलेली दिसतील. बूट जाड घाला हं, बर्फ पडणार आहे.’

मी डबा उचलून घेतला. आजी रागावल्या, आईचं बोलणं मध्येच तोडतेस, ही कुठली रीत? मग मला बघून त्यांनाच दया आली असावी. गालाला हात लावून म्हणाल्या, बूट कुठले, अनवाणीच निघालेय म्हणते. तुला बघायचंय तिला.

रेइकोताईला सांगितलं की मला काम सोडायचंय. ती म्हणाली, रविवारी संध्याकाळी येते, तोवर आईला एकटं टाकू नकोस, एवढं कर. एकटं टाकू नकोस म्हणे. नाही कसं म्हणणार होते?

२२ नोव्हेंबर

बॅटऱ्या काढल्या. डबा आणि पेटी फडक्यात गुंडाळून कोठारात तांदळाच्या पोत्यामागे ठेवली. कडी लावली.

चार वाजता आजी रिकाम्या टेबलाकडे वळल्या. ‘तोक्यो आलं का? गर्दी असेल.’

आणि आज मीही ऐकलं. टेबलावर काही नव्हतं, तरी तिथूनच. गाड्यांची घोषणा, शेकडो बुटांचा आवाज आणि त्यांत एक वेगळी चाल — मऊ, ओली, फरशीला चिकटून सुटणारी. स्वच्छ ऐकू आलं. अक्षर न् अक्षर.

शेगडीवर किटली उकळत होती. झाकण उडत होतं. तिचा आवाज नाही.

आजी म्हणाल्या — ओठांवरून कळलं — किटली उतरव, किती किंचाळतेय.

२३ नोव्हेंबर

सकाळपासून बर्फ. कावळे कुंपणावर चोच उघडतात, मिटतात. काही नाही. आजी मात्र प्रत्येक कावळ्याकडे वळून बघतात. शेतापलीकडून कुणी हाक मारली तर उठून दारात जातात. त्यांना सगळं ऐकू येतं आता.

मला फक्त एक. बसचं इंजिन. मध्ये मध्ये श्वास.

दुपारी डबा परत आणला. टेबलावर ठेवला, समोर बसले. जे मावशीला सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. मी घरी होते आई. फोन चालू होता. मी बघत होते. मोजत होते. मला माफ कर.

वाटलं, संपलं.

मग तिचाच आवाज. अजिबात रागावलेला नाही.

‘माहीत आहे गं. म्हणून तर येतेय.’

२४ नोव्हेंबर

पर्सिमनच्या दोऱ्या वाऱ्याने आपटताहेत, काचेवर — दिसतं, ऐकू येत नाही.

रेइकोताईचा फोन थरथरला. उचलला. तिच्याऐवजी बसचं दार उघडल्याचा आवाज. मग पावलं. बर्फात.

आजींच्या हातात फोन दिला. बोलल्या, हसल्या, ठेवला. मला काही सांगितलं. कळलं नाही. पुन्हा सांगितलं.

साडेतीन. सुमोचा शेवटचा दिवस, चित्रं नुसती. आजी बघत नाहीत. स्वयंपाकघरातून पेले घेऊन आल्या. तीन.

पावलं थांबली. स्पीकरमधून नाही. आता मागून. मी दाराकडे पाठ करून बसलेय, वळणार नाही. लिहीत राहीन.

आजी दाराकडे वाकून नमस्कार करताहेत. बोलताहेत. वाट बघताहेत. माझ्याकडे बघताहेत.

जाहिरातीचा कागद उलटा करून लिहून दिलं त्यांनी — ‘मी या म्हटलं. ती म्हणते, तोमोने बोलावल्याशिवाय आत येणार नाही.’

मी मान हलवली. नाही.

पुन्हा लिहिलं — ‘किती वेळ उभी करणार? पाय फुटलेत गं तिचे. आई आहे ना?’

नाही. नाही. पण —

माझं तोंड उघडलं. मी काहीतरी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. घशाला कळलं फक्त —

आजी हसल्या. सरकल्या. माझ्या शेजारची बसायची उशी झटकून —

वळणार नाही

उशी दबली. ओला वास, बर्फाचा, आणि — माझ्या लिहित्या हातावर कुणीतरी हात ठे