पिंप क्रमांक ७१ ची व्यवस्था

मी, मॅलकी टूही, वय ७८, धंदा पिंपं बांधण्याचा, राहणार डंगार्व्हन, आयर्लंड, लिहून ठेवतो की माझं डोकं शाबूत आहे आणि कान त्याहून शाबूत. फुप्फुसांचं डॉक्टरांना विचारावं. आधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

१. घर आणि बँकेतली ठेव मुलगी ग्रेन्या हिला.

२. कारखाना व हत्यारं डेक्लन फॅरल याला. बावीस वर्षं तो माझ्याकडे राबला. मी चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या हातोड्यावर सुरुवात केली. याला स्वतःचा मिळतोय, तेव्हा कुरकुर नको.

३. चर्चच्या गायनमंडळाला काही नाही. चाळीस वर्षं ऐकून घेतलं, तीच देणगी.

४. गोदामातलं व्हिस्कीचं पिंप क्रमांक ७१ माझा मेहुणा फिन्टन क्रॉटी यास.

कारखाना उघडला त्या १९९३ साली ते मी बांधलं, भरलं आणि बूच माझ्या बायकोने, नोरीनने, ठोकलं. फिन्टनची ती धाकटी बहीण. वर्षातून एकदा मी आणि नोरीन थोडी काढून चाखायचो. मी पिंपातली जशीच्या तशी, जिभेला चटका देणारी. नोरीन मात्र चमच्याने तीन थेंब पाणी टाकून ग्लास तळव्याने झाकून बसायची.

"एवढी वर्षं सांभाळली ती पाणी घालायला?" मी विचारायचो.

"थांब रे, जरा बोलू दे तिला."

२०११ साली ती गेली. तिला जाऊन महिना झाला तेव्हाच्या प्रार्थनेनंतर स्वयंपाकघरात सगळ्यांना याच पिंपातली दिली. फिन्टनने खणातून तिचा चमचा काढला आणि पाणी टाकलं. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "चांगल्या मालाची माती करतोस! ऊठ इथून!"

तो म्हणाला, "मॅलकी, तुला चव नकोय रे, नुसता जाळ हवाय." भरला ग्लास ठेवून गेला. तेरा वर्षं झाली. त्याचं घर चालत अकरा मिनिटांवर आहे.

त्याचं बरोबर होतं. यंदा मार्चमध्ये घसा इतका सोलवटला की ग्रेन्याने न विचारता माझ्या ग्लासात तीन थेंब पाणी टाकलं. मी ग्लासवर झाकलेला हात काढला. भाजलेलं सफरचंद, जुनं चामडं, आणि मागाहून पिंपाच्या ओक लाकडाचा भुसा, कारखाना झाडून आल्यावर नोरीनच्या केसांत असायचा तो. मला ग्लास संपवता आला नाही.

पिंपातली व्हिस्की दरवर्षी थोडी लाकडातून उडते. आमच्याकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. गेल्या आठवड्यात बोटाने ठोकत गेलो, तर निम्म्याच्या खालपर्यंत पोकळ वाजलं. फिन्टन येईल म्हणून मी ते राखत होतो. त्याला बोलावलं मात्र कधीच नाही.

५. साक्षीदार म्हणून त्यालाच बोलवायचं ठरवलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळायचंय त्याने साक्ष करायची नसते." ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज वाटते. म्हणून कलम चारची नक्कल त्यांनी आजच, मी जिवंत असताना, फिन्टनच्या हातात द्यावी. दाराला कडी लावलेली नाही. चमचा टेबलावर आहे.

सही: मॅलकी टूही
आम्हा दोघांसमक्ष सही केली: उना ब्रॉडरिक, परिचारिका; टीग हॅलोरन, शेजारी
डंगार्व्हन, ९ ऑक्टोबर २०२४