फुलांच्या रानातली खुरपणी

आई,

तुला पत्र लिहायला बसले खरी, पण तुला वाचता येत नव्हतं हे पहिल्याच ओळीला आठवलं. कुणाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायचे आणि तू खुरपं धुता धुता "म्होरं वाच" म्हणायचीस. तर म्होरं ऐक. तुझ्या जावयाला जाऊन दोन वर्षं झाली. बारामतीच्या घरात आता मी एकटीच असते. एका माणसाचा भात लावते, तोही उरतो. तुझी नात, जिला तू पाहिलंच नाहीस, ऑस्ट्रेलियात नोकरी करते. "सगळं आवर आणि कायमची इकडं ये," असं दर रविवारी फोनवर म्हणायची. मी म्हटलं, आधी येऊन बघते, मग सांगते. यंदा गेले.

महिनाभरानं तिनं मला समुद्रकाठच्या एका राष्ट्रीय उद्यानात नेलं. उद्यान म्हटल्यावर मला वाटलं, बाकडी असतील, घसरगुंडी असेल. कसलं काय! नजर पोचेल तिथवर मोकळं रान. एकीकडं उभे कडे आणि त्यांच्यावर आपटणारा समुद्र. आत गेलं की लाल खडकाच्या घळी, इतक्या खोल की तळाची नदी ओढ्याएवढी दिसते. आपल्या इंदापूरकडं खोल म्हणजे विहीर. मी काठापासून चार पावलं लांबच उभी राहिले. आणि जिकडंतिकडं फुलं. पिवळी, जांभळी, काही कागदासारखी वाजणारी. कुणी लावलेली नाहीत, कुणी पाणी घालत नाही, आणि लोक गाड्या काढून ती बघायला येतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तितं खुरपायला बाया मिळंनात व्हय?"

गुडघा ठणकायला लागला म्हणून मी पायवाटेच्या कडेला टेकले. लेक फोटो काढायला पुढं गेली. मनात एकच चाललेलं, हिला काय उत्तर द्यायचं. दिवसभर ही कामावर आणि मी खिडकीत. शेजारीण हात हलवते, मीही हलवते, संपलं बोलणं. पण संध्याकाळी दाराशी हिची चावी वाजते, तेवढ्यावर दिवस निघतो. हो म्हणायचं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात ती परत आली आणि ओरडली, "आई, हे काय केलंस?" मी खाली बघते तर माझ्याभोवतीची हातभर जागा स्वच्छ झालेली. शेजारी फुलांची रास. मुळासकट उपटलेली, माती झटकलेली, शेंडे खाली आणि मुळं वर, उन्हाकडं.

ही रीत तुझी. पाचवीच्या सुट्टीत बावडा गावात दुसऱ्याच्या भुईमुगात मी तुझ्यामागं खुरपायला आले होते. केना नावाच्या तणाला निळं फूल आलेलं म्हणून ते एक रोप मी माझ्या ओळीत राखलं. तू मागं वळलीस, ते उपटलंस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. "फुललं म्हंजी तण न्हाय व्हय? मातीला टेकलं की पुन्यांदा जीव धरतंय. मुळं वर करून टाक." संध्याकाळी माझे हिरवे झालेले हात घासताना मात्र तुझा आवाज वेगळा होता. "तुज्या हाताला ह्ये लागू द्यायचं न्हाय मला." पुन्हा कधी नेलं नाहीस. मी शिकले, शाळेवर लागले, तीस वर्षं खडू धरला. मला वाटलं, हात ते काम विसरला.

लेक गुडघ्यावर बसून ती रोपं परत मातीत खोचत होती, मान वळवून वळवून कुणी बघतंय का ते पाहत होती. "इथं पानसुद्धा तोडायचं नसतं गं. पाटी लावलीय. दंड करतात." मी म्हटलं, "अगं, माझ्या लक्षातच नाही आलं." मला तर हसू येत होतं. वाटलं, तीही हसेल. ती उठली, हात झटकले आणि हळूच म्हणाली, "तू इथं कशी राहणार गं, आई?" रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तुझ्या धपाट्यानंतर आपण दोघी एका ताटात जेवलो होतो. आम्ही दोघी गाडीत बसलो आणि तिनं गाणी लावली.

त्यानंतर तीन आठवडे होते मी. फार जपून वागले, पाहुण्यासारखी. तिनं राहण्याचा विषय पुन्हा काढला नाही. विमानतळावर मला घट्ट धरून रडली, गोळ्या वेळेवर घे म्हणाली. मी उगाच बॅगेची चेन उघडत-लावत उभी राहिले, तिला बोलायला वेळ मिळावा म्हणून.

आता इथं आल्यावर बाया विचारतात, राहिला का नाहीत लेकीकडं? मी सांगते, ती राहा राहा म्हणत होती, मलाच करमेना. सगळ्यांना पटतं. हे पत्र पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. तिनं अजून एकदा विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं.