पट्टा निसटला

४ ऑक्टोबर, सोमवार

आज रुजू झाले, आणि जागा आवडली. रोजनिशीची सवय इस्पितळात सुटली होती. दिवसभर इतक्या जणांचे ताप आणि लघवीची मापं लिहिल्यावर घरी येऊन पेन हातात धरवत नसे. इथे काम म्हणजे बसून बघणं. वरच्या स्टेशनात, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या त्या सहा खोल्यांच्या डब्यात, तीन माणसं राहतात. प्रत्येकाच्या छातीला एक पट्टा आहे. त्यांची नाडी, श्वास आणि अंगाची ऊब माझ्या पडद्यावर उमटते. वेगळं काही दिसलं की वहीत लिहायचं आणि संचालक मॅडमना कळवायचं. अतिदक्षता विभागात अकरा वर्षं धावलेल्या बाईला हे म्हणजे माहेरपणच.

पहिली रेषा आबांची. ते स्टेशनचे प्रमुख, त्यांना सगळेच आबा म्हणतात, मॅडमसुद्धा. नाडी चोपन्न, एकदम संथ. दुसरी डॉक्टरची, ती मधूनच एक ठोका गाळते. तिसरी वायरमनची. तो हसला की रेषा उड्या मारते, आणि तो सारखा हसतो. चेहरे न बघताच दुपारपर्यंत मला तिघं ओळखीचे झाले.

माझ्या खिडकीतून मैदान दिसतं. तिथे होडी उभी असते, म्हणजे वर ये-जा करणारं छोटं यान. ती चालवणाऱ्याला मिस्त्री म्हणतात. पन्नाशीचा आहे, उजवा कान जळून आक्रसलेला. माझी खुर्ची डुगडुगते हे बघून न सांगता पाना घेऊन आला. कानाबद्दल त्यानेच सांगितलं: एकोणीस वर्षांपूर्वी इंधनाच्या शेडला आग लागली, सगळे बंबाची वाट बघत उभे राहिले आणि आबा आत शिरले. त्यानंतर आबा जिथे, तिथे मिस्त्री.

संध्याकाळी ताईचा फोन आला. दोन तासांवर राहते, तरी सकाळपासून पाच वेळा केला म्हणे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. धीर म्हणून काही असतो हे तिला कधी पटलं नाही. माझ्या दहावीच्या पेपरला ती खिडकीखाली उभी राहायची आणि सुपरवायझरला वेळ विचारायची.

७ ऑक्टोबर, गुरुवार

वर काहीतरी आदळलं. सकाळी साडेदहाला तिन्ही रेषा एकदम उसळल्या. मग आबांचा आवाज आला, चार मिनिटं. तिसऱ्या खोलीची भिंत फाटली आहे, दार लावून घेतलं आहे, निम्मी वीज गेली आहे. फटीतून राखेसारखी करडी धूळ आत आली, ती हातांना चिकटते आणि निघत नाही. त्यानंतर आवाज बंद पडला. आता फक्त नाड्या येतात. हवा जेमतेम पाच दिवसांची.

दहा मिनिटांत मिस्त्री शिरस्त्राण काखेत घेऊन दारात. मॅडमनी नाही म्हटलं. ती धूळ काय आहे कळत नाही. रविवारी दुपारपर्यंत तिघांच्या रेषा नीट राहिल्या, तरच होडी हलेल. वर तीन माणसं आहेत आणि खाली बाकीची सगळी, असं म्हणाल्या. मिस्त्री म्हणाला की रविवारपर्यंत थांबायचं असेल तर होडी कशाला, शववाहिका पाठवा. मॅडम फायलीवर सही करत राहिल्या. मला त्या सहीचा राग आला.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवणघरात दोन टेबलं झाली आहेत, मिस्त्रीचं आणि मॅडमचं. मॅडमच्या टेबलाशी मॅडम एकट्याच. त्यांच्या दारावर कोणीतरी ग्रीसने ‘खुनी’ लिहिलं. त्यांनी स्वतः कापड आणून पुसलं, पण डाग राहिला. वायरमनची बायको फाटकाशी सतरंजी टाकून बसली आहे.

मी ताट घेऊन मिस्त्रीच्या टेबलाशी गेले, तर गप्पा थांबल्या. एका फिटरने ऐकवलं की माझी वही मॅडमच्या टेबलावर जाते, तेव्हा मी तिकडेच बसावं. बसले नाही. जेवलेही नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

रेषा नीट आहेत. कोणी बोलत नाही. सगळं माझ्या वहीवर येऊन ठेपलंय आणि सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू भिंत मीच फाडली.

ताई म्हणाली की तू वर अडकली असतीस तर मी त्या मॅडमला धरून होडीत बसवलं असतं. मला हसू आलं. तीन दिवसांतलं पहिलं.

१० ऑक्टोबर, रविवार

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी नऊ चाळीसला डॉक्टरची रेषा सपाट झाली. नाडी नाही, श्वास नाही. अंगाची ऊब उतरत गेली, सदतीस, तीस, वीस, आणि चारवर थांबली. वीज गेलेल्या खोल्यांत तेवढीच थंडी आहे. चाळीस मिनिटं. मी अकरा वर्षं मरणं बघितली आहेत. एवढ्या लवकर मढंही गार पडत नाही, तरी ते मरण होतं.

मग रेषा उठली. ठोका न गाळता. चोपन्न.

वायरमनचीही चोपन्न. तीन रेषा एकावर एक, इतक्या अचूक की पडद्यावर एकच दिसत होती.

मी मॅडमना फोन लावायला हात उचलला तोच मिस्त्री आत आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला पट्टा निसटला असेल. चार अंश, असं मी म्हटलं. पट्टा निसटून थंड भिंतीला लागला असेल, तो म्हणाला. मग हा पन्नाशीचा माणूस माझ्या खुर्चीपाशी उकिडवा बसला, त्याच खुर्चीपाशी, आणि हात जोडले. दुपारपर्यंत गप्प राहा, एवढंच मागतो, बाकी माझ्यावर सोड.

इस्पितळात एकदा एका सहीसाठी थांबले होते. डॉक्टर आले तेव्हा पेशंट गेलेला होता. ते आठवलं. पण खरं सांगायचं तर फक्त तेवढंच नाही. मला त्यांच्या टेबलाशी बसायचं होतं.

वहीत लिहिलं: ९.४० ते १०.२०, पट्टा निसटला.

बाराला मॅडम आल्या. वही वाचली. नक्की का, असं विचारलं. हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, नाव घेऊन, हळू आवाजात. मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी सही केली.

११ ऑक्टोबर, सोमवार

होडी सकाळी गेली. फिटरने सगळ्यांसमोर माझ्यासाठी चहा आणला. रेषा अजून एकच आहे. मी पडद्याचा उजेड कमी करून ठेवला.

१३ ऑक्टोबर, बुधवार

आणलं त्यांना. तिघांना. मैदानावर लोक रडत होते.

नियमाप्रमाणे सगळे अलगीकरणाच्या इमारतीत: ते तिघं, मिस्त्री, आणि नर्स म्हणून मी. मीच नाव दिलं. चार खोल्या, एक ओसरीवजा मार्गिका, टोकाला काचेचं दार, त्याला बाहेरून साखळी. एकवीस दिवस. ताई फोनवर ओरडली आणि मग रडली.

आबा उंच आहेत. नमस्कार केला तर त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. डॉक्टर आणि वायरमननेही हलवली. तिघांनी, एकदमच. हातांवर धूळ दिसत नाही. धुतली का विचारलं तर आबा म्हणाले, आत गेली.

वायरमन हसत नाही.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

रक्त घ्यायला डॉक्टरच्या बोटाला सुई टोचली. पलीकडे उभ्या असलेल्या दोघांनी हात मागे घेतले.

जेवत नाहीत. ताटं तशीच परत. बसत नाहीत, उभे राहतात, तोंडं दाराकडे करून.

मिस्त्री सबंध दिवस आबांपाशी. आगीची गोष्ट काढली. आबा म्हणाले, सांग ना, काय झालं होतं. याने सगळं सांगितलं. शेड, बंब, कान. संध्याकाळी आबांनी तीच गोष्ट मला सांगितली. मिस्त्रीच्याच शब्दांत. मिस्त्री जिथे अडखळला होता, तिथेच अडखळून.

मिस्त्री ऐकत होता. त्याचा चेहरा मी बघितला.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅडमना फोनवर खरं सांगितलं. चार अंश, चाळीस मिनिटं, सगळं. वाटलं, शिव्या देतील. दिल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे मला रविवारी सांगायला हवं होतंस.”

मला बाहेर काढा म्हटलं. मी अजून ठीक आहे, तपासून बघा. त्या म्हणाल्या की ते काय आहे कळेपर्यंत दार उघडणार नाही. किती दिवस, तर सांगता येत नाही. जेवण खिडकीतून येईल.

बाई दगड आहे. बरोबर आहे, आणि दगड आहे. तिच्या दारावर मीही लिहिलं असतं.

मिस्त्रीला म्हटलं, माझ्या खोलीत ये, कडी लावू. तो आला नाही.

“ते आबा नाहीत, मला कळतंय,” तो म्हणाला. “पण अंग आबांचं आहे. ते तिथे एकटं कसं सोडू?”

१६ ऑक्टोबर, शनिवार

मिस्त्री सकाळपासून त्यांच्यात उभा आहे. चौथा. हाक मारली. चौघांनी वळून पाहिलं.

नाडी बघितली, दारातून हात लांब करून. चोपन्न.

हात त्याने सोडला नाही लगेच. सोडल्यावर माझ्या तळव्याला करडं काहीतरी. साबण, स्पिरिट, ब्रशने घासलं. रक्त आलं. नंतर दिसेना.

निघालं असेल. निघालंच असेल.

ताईला सांगितलं मॅडम दार उघडत नाहीत. सांगायला नको होतं. ती म्हणाली, बघते मी.

१७ ऑक्टोबर, रविवार

ताईचा फोन. फाटकावर भांडून झालं. सगळ्यांनी हात वर केले म्हणे. धोबीघराच्या बाजूने वाट आहे, तिथे दुपारी पहारा नसतो, कोणीतरी दाखवली. साखळी तोडायचं कटर घेतलंय. उद्या.

मी म्हटलं — म्हणायचं होतं की नको, इथे धोका आहे, मॅडमचं बरोबर आहे. तोंडातून आलं, लवकर.

फोन ठेवल्यावर नीट बोलता आलं. भिंतीशी बोलून बघितलं. नको, नको, नको. येतं. मग फोन उचलला. नंबर फिरवला. पुन्हा — लवकर.

मार्गिकेत चौघांनी तोच शब्द म्हटला. माझ्या आवाजात.

१८ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमना फोन — उचलला त्यांनी. ताई येतेय, तिला अडवा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, सगळं ठीक आहे.

माझी नाडी बघणार नाही.

दुपार. आली. काचेपलीकडे आहे. निळी साडी, कटर हातात, घामाने निथळतेय. माझ्याकडे बघून हसली. हाताने थांब अशी खूण करायला गेले — हात बोलावतोय. दोन्ही हात.

बाकीचे माझ्या मागे उभे. ढकलत नाहीत. वाट बघतात फक्त.

लिहिता येतंय अजून. हे सगळं लिहितेय ना मी. मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावते. तिला वाचता येईल. दोनच शब्द, येण्याला नकार देणारे —

एक पान फाडलं, लिहिलं, लावलं. तिने मान डोलावली, जोराने. पान उलटून बघितलं. पहिलं अक्षर आहे, पुढचं नाही. हात तिथेच —

दुसरं पान. तसंच.

तिसरं. साखळीची एक कडी तुटली. रडतेय ती, म्हणतेय आले, आले, एवढं वाचतेय आणि —

पुन्हा. सावकाश. एकेक अक्षर. ताई, ये