वर्गाच्या वाटणीची ओळ

बुधवार पेठ, सोलापूर
२९ सप्टेंबर २०२४

चि. बुद्धप्रिया हिस,
सप्रेम जयभीम व अ. आ.

तुझे पत्र पोचले. त्याआधी तू फोन केला होतास, तो तुझ्या यशपालदादाने मला दिला नाही म्हणून रुसू नकोस. डॉक्टरांनी मला बोलायला बंदी घातली आहे. घशातली गाठ चांगली नाही असे तपासणीत निघाले. दिवाळी झाली की शस्त्रक्रिया. स्वरयंत्र काढणार आहेत. जीव राहील, आवाज राहणार नाही. डॉक्टर अगदी पोरगेलेसे आहेत. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होते, मला त्यांचीच दया आली.

तुझी मोठी आई काही काळजी दाखवत नाही. आमच्या नागूबाईसाहेब म्हणतात की आवाज गेला तर लई बरं हाय की, जन्मभर तुमी कविता म्हणल्या आन् मी ऐकल्या, आता तरी माझं ऐकून घ्याल. असे म्हणते आणि आत जाऊन बराच वेळ भांडी वाजवत बसते. कडक भाकरी बंद, शेंगाचटणी बंद. चटणीचा डबा तिने वरच्या फळीवर ठेवला आहे.

तू लिहितेस की तुमच्या शाळेत भिंतीवर मोठा डिजिटल फळा आला आहे, मी राजेसाब गुरुजींची कविता म्हणावी, तू ती मोबाईलवर घेशील आणि मग ती फळ्यावर कायमची राहील. अगं, कविता म्हणजे काय लोणचे आहे, बरणीत घालून ठेवायला? होटगीच्या शाळेत आम्ही सगळी रेल्वेतल्या गँगमनची पोरे. राजेसाब गुरुजींची घरची बोली दखनी, पण आमच्यासाठी त्यांनी मराठीत कविता रचली. रुळांची, लिंबाची, गाडीची. ती कुठल्या पुस्तकात आली नाही. त्यांच्या तोंडून ती आमच्याकडे आली, पुढे मी मास्तर झालो, तेव्हा माझ्या तोंडून माळशिरस तालुक्यातल्या पोरांकडे गेली. आमच्या होटगीच्या वर्गातला आता माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही. तुझ्या काचेच्या फळ्याला तिचे काय?

लोभ आहेच. तो कमी झाला असे वाटले तर एक खरमरीत पत्र लिही.
तुझा आबा,
बिभीषण


जेऊर
६ ऑक्टोबर २०२४

ती. आबांना,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र वाचलं आणि मधल्या सुट्टीत वर्गाचं दार लावून बसले. बाकी काही लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

आता भांडते. लोणचं म्हणालात. आबा, कैऱ्या संपत आल्या की मगच लोणचं घालायची घाई करतात. या फळ्याची मी काही भक्त नाही. गावाने हौसेने बसवला, पण वीज असते तेव्हा शाळा सुटलेली असते. कधी फळा चालू होतो आणि आवाज येत नाही, कधी आवाज येतो आणि चित्र हलत नाही. मग मी स्टुलावर चढून मागच्या वायरी हलवते आणि पोरं खालून सांगतात की बाई, आता डावीकडची हलवा. आमच्यात सगळ्यात मोठी तज्ज्ञ तिसरीतली प्रतिक्षा आहे. तिचं म्हणणं असं की फळ्याला ऊन लागतंय, त्याला ओढणी पांघरा.

पण गंमत सोडा. फळ्यावर कवितांचे व्हिडिओ आहेत. ढग नाचतात, ससे उड्या मारतात, एक बाई फार गोड आवाजात गातात. पोरं टक लावून बघतात. कविता बघतात आबा, म्हणत नाहीत. मी म्हणायला लावलं तर माझ्या आवाजाला हसतात, आणि हसू देत, तो आहेच तसा. म्हणून तुम्ही हवे आहात. सहामाहीची सुट्टी लागायच्या आत या. डॉक्टरांना विचारा, तेवढं एकदा बोलू द्या म्हणावं.

मोठ्या आईला घेऊन या. तिच्याशी मला चटणीच्या डब्याबद्दल बोलायचं आहे.

माया आहे ती तशीच असू द्या, एवढंच मागणं.
तुमची,
बुद्धप्रिया


सोलापूर
२७ ऑक्टोबर २०२४

चि. बुद्धप्रिया हिस,
जयभीम व अ. आ.

सुखरूप पोचलो. पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली. तुझ्या मोठ्या आईने वाटेत मला एक शब्द बोलू दिला नाही, स्वतः मात्र जेऊरपासून सोलापूरपर्यंत तुझ्या फळ्याचे वर्णन एका अनोळखी बाईंना ऐकवले. तिच्या मते तो आपल्या घरच्या पलंगाएवढा हाय आन् बोट लावलं की घाबरून रंग बदलतो.

हट्ट केलास, बरे केलेस. आवाज स्वच्छ यावा म्हणून तू पोरांना बाहेर मैदानात पाठवलेस, खिडक्या लावल्या, पंखा बंद केलास, तेव्हा मला हसू येत होते. रिकाम्या वर्गात मोबाईलला कविता शिकवायची! पण पहिली ओळ म्हटली आणि काय सांगू, मोबाईल दिसेनासाच झाला. समोर पोरे बसली होती. माळशिरसकडची, होटगीची, सगळी एकमेकांत मिसळून. तेलाचा वास, पाटीचा वास, आणि भिंती दणाणत होत्या. दम लागतोय का असे तू मध्येच खुणेने विचारलेस. दम नव्हता लागत गं. इतके सुरेल मी कित्येक वर्षांत म्हटले नव्हते.

आता दवाखान्यात जाईन तो हलका होऊन जाईन. गुरुजींची ठेव पोचती झाली. फळ्याला बोललो ते मागे घेतो. त्याला ओढणी पांघरत जा.

दिवाळीत येशील तेव्हा तू बोल, मी ऐकतो. प्रेम राहू दे.
तुझा आबा


जेऊर
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आबांना,
सविनय जयभीम, वि. वि.

शस्त्रक्रिया नीट झाली, जखम भरते आहे, हे यशपालदादाने कळवलं. निवडणुकीच्या ड्युटीमुळे तुमच्या उशाशी येता आलं नाही, ते मनाला लागून राहिलं आहे. पाटीवर लिहून बोलता म्हणे, आणि मोठी आई म्हणते की चष्मा सापडेना. चष्मा तिच्या डोक्यावर असतो, हे पाटीवर लिहा.

आबा, एक विचारायचं आहे. विचारू की नको असं करत पत्र दोनदा फाडलं.

काल तुमची कविता फळ्यावर लावली. वीज होती, आवाज होता, सगळं जुळून आलं होतं. फळ्यावर घेण्याआधी मी एका ॲपमधून ती स्वच्छ करून घेतली होती. मधल्या लांबलांब शांत जागा ते आपोआप काढून टाकतं. मला वाटलं, आजारी माणूस, दर ओळीला दम खातोय. वर्गाने ऐकलं ते असं:

रुळांवरी हे ऊन सांडले
लिंबाखाली बसली सावली
गाडी गेली, धूर राहिला

आणि संपलं. एकही टाळी पडली नाही. एरवी ससा उडी मारून गेला तरी टाळ्या वाजवणारी ही पोरं. मग प्रतिक्षाने विचारलं की बाई, फुडं काय झालं? मी म्हटलं, कविता एवढीच आहे. ती म्हणाली की न्हाय बाई, आजोबा दर वक्ताला हात वर करत्यात, आमाला कायतरी म्हणायला सांगत्यात.

घरी येऊन मूळ व्हिडिओ काढला. तुम्ही एक ओळ म्हणता, वर उचललेला हात हळूहळू खाली आणता, आणि मान डोलावत ऐकत राहता. रिकाम्या वर्गात. बाहेर कुठंतरी शेळी ओरडते, तेवढाच आवाज. मग पुढची ओळ.

या ओळींना जोडून अजून काही होतं का, आबा?

माझ्यावर रागवा, पण लोभ तोडू नका.
तुमची,
बुद्धप्रिया


सोलापूर
४ डिसेंबर २०२४

चि. बुद्धप्रिया हिस,
अ. आ.

होते. तेच तर होते.

राजेसाब गुरुजींची रीत अशी. कविता दोघांची, एक ओळ गुरुजींची, एक वर्गाची. पहिल्या दिवशी दोन्ही वाटण्या त्यांनी म्हणून दाखवायच्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फक्त आपली म्हणायची, हात वर न्यायचा, आणि आम्ही आमची म्हणत तो हात खाली उतरवायचा. त्यांची ओळ चढायची, आमची उतरायची. मीही नोकरीभर तेच केले. तुझ्यासमोर मी पहिला दिवस विसरलो. एवढी पोरे मला समोर दिसत होती, आणि सगळी दुसऱ्या दिवसाची! मी थांबत होतो तेव्हा ती म्हणत होती. मला स्पष्ट ऐकू येत होती.

तुझ्यावर कसला राग? पोरे बाहेर नसती तर तिथल्या तिथे कळले असते, एवढे खरे. पण स्वच्छ आवाज हवा हेही खरेच होते.

वर्गाची वाटणी लिहून देतो:

रुळांवरी हे ऊन सांडले
ओंजळ ओंजळ भरून घ्या
लिंबाखाली बसली सावली
घोटभर पाणी तिला द्या
गाडी गेली, धूर राहिला
मुठीत धरुनी घरी न्या

शब्द झाले. चाल कशी लिहू? बसलो होतो लिहायला. पहिल्या ओंजळीला थोडे खाली यायचे, दुसरीला आणखी एक पायरी, ‘भरून’ला जरा रेंगाळायचे. वाचून पाहिले तर कविता कुठली, जिना उतरायची सूचना वाटली. मग तुझ्या मोठ्या आईचा हात धरला आणि त्यावर बोटांनी ताल धरून, ओठ हलवून शिकवू लागलो. तिने जीव लावून म्हटली, पण जात्यावरची ओवी झाली. मी मान हलवली तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की मला कुटं शाळा ठाव हाय, मला कशापायी पास-नापास करता.

त्यानंतर तिला काही सांगितले नाही. आता गळ्याला भोक आहे, त्यातून नुसता वारा जातो. काय करावे कळत नाही.

तुझ्या मायेचा भुकेला,
आबा


जेऊर
१५ डिसेंबर २०२४

ती. आबांना,
सविनय जयभीम, वि. वि.

रस्ता सापडला! तुमचे माळशिरसकडचे विद्यार्थी! त्यांना ती येतच असणार. अनिलकुमार म्हणून कोणी आहेत, बँकेत असतात, त्यांचा नंबर यशपालदादाकडे होता. त्यांनी तुमच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे तिथं टाकलं की बिभीषण गुरुजींची रुळांची कविता ज्याला येते त्याने म्हणून पाठवा. दुपारपर्यंत माझा मोबाईल भरून गेला. कोणी शेतातून, कोणी दुकानातून, एकाने एसटीच्या डेपोतून, त्यात मागे बस सुटायच्या सूचना चालू आहेत. एक जण ‘धूर राहिला’पर्यंत आले आणि रडायलाच लागले.

पण आबा, चाल प्रत्येकाची वेगळी. अनिलकुमारांची सिनेमातल्या गाण्यासारखी. राहत म्हणून एक बाई आहेत, शिवणकाम करतात, त्यांची कव्वालीच्या अंगाने जाते, आणि फार गोड आहे. डेपोतले प्रदीप लेझीम खेळल्यासारखी म्हणतात. आणि आपली तीच खरी म्हणून ग्रुपवर जुंपली आहे. प्रदीपनी अनिलकुमारांना विचारलं की तू त्या वर्षी नापास होतास, तू कुठल्या वर्गात ऐकलीस? त्यावर अनिलकुमार म्हणाले की म्हणूनच दोन वर्षं ऐकली.

सगळ्या क्लिपा यशपालदादाच्या मोबाईलवर पाठवल्या आहेत. तुम्ही नुसती मान हलवा. जी खरी ती तुमच्या आवाजाच्या मध्येमध्ये जोडीन. या ॲपमध्ये तेही होतं. प्रतिक्षा रोज विचारते की आमची वाटणी आली का.

वाट बघते, माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
बुद्धप्रिया


सोलापूर
२९ डिसेंबर २०२४

चि. बुद्धप्रिया हिस,
जयभीम व अ. आ.

सगळ्या क्लिपा ऐकल्या. पोरे केवढाली झाली! आवाजावरून एकही ओळखू आला नाही. प्रदीप माझ्या वर्गात असताना तोतरा बोलायचा, आता बस हाकतो आणि ठणठणीत म्हणतो.

यशपाल एकेक लावत होता आणि माझ्या मानेकडे बघत होता. अनिलकुमारला मी नाही म्हटले. प्रदीपला नाही म्हटले. राहतची लागली तेव्हा होय म्हटले. मग खात्री करावी म्हणून प्रदीपची पुन्हा लावायला सांगितली, तर तीही होयच वाटली. यशपाल जरा वैतागला. नागूबाई म्हणाली की त्यास्नी दमवू नगं, पडू दे जरा. पण मला पडायचे नव्हते.

बुद्धप्रिया, त्या वेळी एक गोष्ट ध्यानात आली. पहिला दिवस सोडला तर नोकरीभर वर्गाची वाटणी मी म्हटलेलीच नाही. ती नुसती ऐकली. प्रत्येक वर्गाने आपापल्या परीने खाली उतरवली असणार, आणि मी हात खाली आणत मान डोलावली असणार. मी रोज मनापासून म्हटली ती फक्त होटगीत, गुरुजींच्या समोर, अर्ध्या चड्डीत.

म्हणून काल दुपारी अंगणात एकटा बसलो. डोळे मिटले. होटगीचा वर्ग आणला, खिडकीतले रूळ आणले, गुरुजींचा खडूने भरलेला हात आणला. त्यांची ओळ आली, अगदी त्यांच्या आवाजात. हात वर गेला. आणि खाली येताना राहतची चाल आली. पुन्हा पहिल्यापासून धरली, तर प्रदीपची आली. पूर्वी अशी चुकामूक झाली की गुणगुणून बघायचो, घसाच सांगायचा की ही नव्हे. आता विचारायला घसा नाही.

क्लिपा ऐकायच्या आधी ती माझ्याकडे होती, असे मला वाटते. आता तेही छातीठोक सांगता येत नाही.

खरी कोणती ते सांगा असे तू लिहितेस. मला माहीत नाही गं. मास्तर असून वर्गाला असे उत्तर मी कधी दिले नव्हते. अनिलकुमारला सांग की सगळ्यांच्या छान आहेत. यात खोटे काही नाही. आणि आता यापुढे आणखी पाठवू नका म्हणावे.

प्रतिक्षाला काय सांगायचे, ते तूच ठरव.

तुझा,
आबा