मामाजींची शुगर आणि गुडमारचा पाला

६ जुलै १९८१
आणखी एक ससा गेला! काल संध्याकाळी गवत खात होता, आज पिंजऱ्यात आडवा. मधुमेह व्हावा म्हणून औषध टोचलं की काही ससे टिकतात, काही टिकत नाहीत. हे मला चांगलं माहीत आहे. तरी तिथंच खाली बसून रडले. बीएस्सीच्या पोरी दारातून बघत होत्या. बघू देत.

तीन वर्षं झाली या गुडमारच्या मागे लागून. या वेलीचं पान चावलं की जिभेला गोड कळतच नाही, साखर वाळूसारखी लागते. म्हणून इकडे सगळे म्हणतात, शुगरवर याच्यासारखं औषध नाही. म्हणणं सोपं आहे. प्रयोगशाळेत दाखवायचं म्हटलं की ससे मरतात, नाहीतर वीज जाते.

घरी आले तर सासरे — मामाजी — ओसरीवर. चेहरा पाहूनच म्हणाले, "काय झालं वं पोरी?"
"ससा मेला."
उठून स्वतः स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला. सासूबाई गेल्यापासून या घरात मी सोडून कोणी चहा केला नव्हता. साखर फार पडली होती. प्यायले.

११ जुलै
मामाजींचं नवीनच! शुगरच्या गोळ्यांची बाटली माझ्या हातात आणून ठेवली. "घे. आजपासून तुह्या पाल्यावर राहीन मी."

किती समजावलं. अजून काही सिद्ध झालेलं नाही, तुमच्या पायाची जखम भरत नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत. तर म्हणतात, "तशाही मी कुठं खातो? आठवण आली त खाल्ली. पाला नेमानं खाईन."

हे वरठी स्टेशनवरची ड्युटी करून आले होते. ह्यांना सांगितलं. "बाबूजी कोणाचं ऐकतात?" म्हणाले आणि झोपले. सुखी माणूस.

मी मामाजींना अट घातली — रोज सकाळी लघवी तपासणार. वाईट निघाली की गुपचूप गोळी घ्यायची. "घेईन," म्हणाले. फारच लवकर कबूल झाले.

१२ जुलै
लाल. विटेसारखी! (निळ्या द्रावणात थेंब टाकून उकळायचं. साखर नसली तर निळं राहतं, थोडी असली तर हिरवं, फार असली तर लाल.) भांडण झालं. "चार दिवस त दे," म्हणाले. स्वयंपाक, नळी, बस, ससे. उभ्यानं झोप येत होती.

२१ जुलै
हिरवं. माझंच काही चुकलं असेल.

२ ऑगस्ट
निळं! पुन्हा उकळलं. निळंच!!

१६ ऑगस्ट
पंधरवडाभर निळंच. पायाची जखमही सुकत आली आहे. आता मामाजीच सकाळी नळी घेऊन माझ्या मागे लागतात — "पाह्य, पाह्य, काय रंग आहे!" शहापूरभर सांगत सुटलेत.

मी आनंदात असायला हवं. आहेही. पण आज दुपारी सशांचे आकडे काढले. पाल्याचा अर्क दिलेले आणि नुसतं पाणी दिलेले — रक्तातली साखर सारखीच. एकसारखी! सशाला काही नाही आणि सासऱ्याला गुण?

२९ ऑगस्ट, पोळा
सकाळपासून पुरण. कंबर मोडली. मामाजींनी पोळीला हातही लावला नाही. "गोडाची चवच लागत नाही, कायले खाऊ?"

शेजारच्या सत्यभामाकाकू आल्या होत्या. त्यांनाही शुगर, बरीच वर्षं. मामाजींकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, अंगावर तेज आलं वो तुमच्या!" मामाजी लगेच — "सुनेचा पाला!" आणि माझ्या सुपातला वाळवलेला पाला ओंजळभर काढून त्यांच्या पदरात टाकला. मी तिथल्या तिथं म्हटलं, काकू, पाला खायचा तर खा, पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही.
"नाही वं माय," म्हणाल्या.
मामाजी काहीतरी बोलायला गेले. मग बैल आले म्हणून बाहेर गेले.

१० सप्टेंबर
नागपूरला माझ्या पीएच.डी.च्या सरांकडे. सशांचे आकडे दाखवले, त्यांचं तोंड उतरलं. मग मामाजींचं सांगितलं, तर खुर्चीतून उठलेच! "अहो बाई, घरात माणसावरचा पुरावा आणि तुम्ही ससे कसले मोजता? लिहून काढा!"
एका माणसाचा काय पुरावा, असं ओठावर आलं होतं. बोलले नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा सर माझ्याकडे बघून हसले.
येताना गाडीत उभीच. पाय सुजलेत.

१३ सप्टेंबर
लिहायला बसले. एक ओळ झाली. खोडली.

२४ सप्टेंबर
सत्यभामाकाकू विहिरीजवळ बेशुद्ध सापडल्या. धनीरामनं — त्यांच्या मुलानं — आणि ह्यांनी मिळून भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात नेलं. शुगर भलतीच चढलेली. पोळ्यापासून गोळ्या बंद होत्या!

धनीराम सगळ्यांसमोर ओरडला, "तुमच्याच घरचा पाला! तुम्ही शिकल्या-सवरल्या, तुमच्या भरोशावर खाल्ला तिनं!" मी सांगितलं होतं रे, गोळी सोडू नका म्हणून सांगितलं होतं... पण ते शब्द तोंडातून निघेनात. खाटेवर त्या पडल्या होत्या आणि मी काय सांगत बसू?

मामाजी जेवले नाहीत. अंगणात उभे, नुसते उभे.

२५ सप्टेंबर
तशाच आहेत. कॉलेजला गेले नाही. सगळा पाला शेणखताच्या खड्ड्यात टाकून आले.

२७ सप्टेंबर
शुद्धीवर आल्या! देवा!

दुपारी दवाखान्यात गेले. आवाज खोल गेला आहे, पण हसल्या. माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता बोल लावतील. लावले असते तर बरं झालं असतं. म्हणतात, "तुहा दोष नाही माय. मीच चोरून शिरा खाल्ला, पथ्य मोडलं. पाह्य, भाऊजी कसे बरे झाले! घरी गेली का पुन्हा सुरू करतो मी पाला. या गोळ्या नोको मले."

म्हटलं, काकू, पाल्यात काही नाही. निदान मी काढलेल्या अर्कात तरी नाही. सशांवर करून बघितलं.
"सशाचं काय घेऊन बसली? माणूस डोयापुढे आहे ना!"

घरी येऊन मामाजींना शब्दन् शब्द सांगितला. ऐकताना खाली बसले. म्हणाले, "उद्या मी येतो तुह्यासंग." का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

२८ सप्टेंबर
मामाजी खाटेजवळच्या स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. धनीराम पायथ्याशी उभा होता.
"वहिनी, तो पाला खाऊ नोका. मी गोळ्या सोडल्याच नाही. दुसरी बाटली आणली होती, हिच्यापासून लपवून. हे पोरगी सशापाशी बसून रडते... हिचं काम व्हावं म्हणून खोटं बोललो. जन्मात नाही खाल्ल्या तशा नेमानं खाल्ल्या."

सत्यभामाकाकू त्यांच्याकडे पाहतच नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.