लीलाधरची कॉपी फसलीच पाहिजे

१३ ऑक्टोबर १९९४, खंडेनवमी
जळगावच्या आमच्या जिनिंग सोसायटीत आज अवजारांची पूजा. सर्व्हर हे सगळ्यात मोठं अवजार, सगळ्या टेबलांच्या फाइली त्याच्यावर. आज यंत्राला विश्रांती हवी, म्हणून मीच स्विच बंद करून हळदकुंकू वाहिलं. नेमकी तेव्हाच अकाउंट्सच्या लीलाधरची कापूस-खरेदीची फाइल त्यावर कॉपी होत होती. नवी अर्धीच आली, जुनी तिच्याखाली पुसली गेली. मॅनेजर देवचंदभाऊंनी सगळ्यांदेखत विचारलं, कॉम्प्युटर सांभाळता की देवघर? लीलाधर पोट धरून हसला. खंडेनवमीला काम करणारा तो आणि दोषी मी! सोडणार नाही.

१५ ऑक्टोबर
धुळ्याच्या नव्या शाखेत कॉम्प्युटर इन्चार्ज नेमणार. मी किंवा लीलाधर. तिथे स्वतंत्र केबिन आहे. लीलाधरचं नाक कापल्याशिवाय चहा घेणार नाही.

१६ ऑक्टोबर
चहा घेतला. सूड उगवायला डोकं ताजं लागतं.

१९ ऑक्टोबर
प्लॅन ठरला. कॉपीचा प्रोग्राम मीच नव्याने लिहिणार. नवी फाइल वेगळ्या नावाने उतरेल, प्रोग्राम ती मूळ फाइलशी ताडून बघेल, पटली तरच जुनी काढेल. वायर निघाली तर थांबेल, जोडली की तिथूनच पुढे चालू. म्हणजे देवघरवाला म्हणायची कुणाची टाप नाही. शिवाय निकाल पडद्यावर मोठ्या अक्षरात, माणसाच्या नावासकट! महिनाअखेरीला चेअरमन कॉम्प्युटरच्या तपासणीला येणार आहेत, लीलाधरची कॉपी ऐन तेव्हाच मी फसवणार. प्रोग्राम माझा, म्हणजे तो केव्हा फसवायचा तेही माझ्याच हातात.

२६ ऑक्टोबर
प्रोग्राम सगळ्या मशीनवर चढवला. दहादा वायर उपटून पाहिली, एक अक्षर हललं नाही. मी काय चीज आहे! लीलाधर थँक्यू म्हणाला. बिचारा.

३१ ऑक्टोबर, दुपार
तपासणी. चेअरमन लीलाधरच्या पाठीशी उभे, कॉपी चालू. मी टेबलाखाली वाकून वायर उपटली. कॉपी थांबली! लीलाधरला घाम फुटला. डोळ्यांचं पारणं फिटलं. तेवढ्यात शिपाई वना मोठ्याने विचारतो, साहेब, वायर तुमना हातमा काबर शे? सगळे वळले. निघाली होती, जोडतोय, असं म्हणून जोडावीच लागली.
पडदा उजळला: लीलाधर. फाइल पूर्ण. तंतोतंत.
चेअरमननी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी.

१ नोव्हेंबर
काळजीचं कारण नाही. प्रोग्राम कोणाचा, हे मी देवचंदभाऊंना स्पष्ट सांगितलं. ते फार खूश झाले. धुळे माझंच.

९ नोव्हेंबर
ऑर्डर निघाली. धुळ्याला लीलाधर. देवचंदभाऊ म्हणाले, प्रोग्राम तुमचा, मग तुम्हाला जळगावातून सोडायचं कसं? तुम्ही आता इथेच, कायमचे.
संध्याकाळी लीलाधर पेढे आणि कोरी फ्लॉपी घेऊन आला. धुळ्यासाठी प्रोग्राम हवा म्हणाला. मनात आलं, अर्धाच देतो. पण प्रोग्रामने ऐकलं नाही. पहिल्या फटक्यात पूर्ण कॉपी झाला.